जमिनीवरच्या लढाया आणि वेल्ससाहेब



नवरात्र संपले की आपल्याकडे पोरांची माती गोळा करायची लगबग सुरू होते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत आम्ही लहान असताना अंगणात किल्ला व्हायचा, आता सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात होतो, एवढाच फरक. दगड, विटा, वर गोणपाट, त्यावर चिखल, चिखलात मोहरी किंवा अळीव पेरायचे आणि वर महाराजांचे सिंहासन. पुण्याहून कोणी येणार असले की मातीची चित्रे आणायला सांगायची. त्यातल्या निम्म्या मावळ्यांचे भाले वाटेतच मोडायचे.

गेल्या दिवाळीत किल्ले बघून झाल्यावर मंडळाच्या एका सूनबाईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, काका, टीव्हीवर रोज पडलेली घरे आणि रडणारी मुले दिसतात, अशा वेळी आपण आपल्या मुलांच्या हातात तोफा आणि शिपाई द्यावेत का? प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही तेव्हा महाराजांचे नाव घेऊन काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हालाच पटले नाही. नंतर परदेशातून आमचा नातू सुट्टीला आला. त्याच्या बॅगेत स्पंज लावलेला एक डबा, आणि डब्यात बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले साठ-सत्तर सैनिक. तो आणि त्याचे मित्र असे सैन्य स्वतः जोडतात, बारीक ब्रशने रंगवतात आणि मोठ्या मेळाव्यांना जाऊन टेबलावर लढाया खेळतात. हा खेळ कोणी काढला असे विचारल्यावर त्याने एच. जी. वेल्स यांचे नाव सांगितले. ‘अदृश्य माणूस’वाले वेल्स? हो, तेच. मग आम्ही त्यांचे चरित्र मिळवून वाचले. सूनबाईंचा प्रश्न वेल्स यांनाही पडला होता आणि तो त्यांना पुढे फार महागात पडला, असे आमचे मत झाले. म्हणून हा लेख.

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६चा, लंडनजवळच्या ब्रॉम्ली गावातला. म्हणजे आपल्या सयाजीराव महाराजांपेक्षा ते साडेतीन वर्षांनी लहान. घरात त्यांना बर्टी म्हणत. वडील जोसेफ हे आधी माळी, मग चिनी मातीच्या भांड्यांचे दुकानदार आणि खरे तर क्रिकेटपटू. १८६२ साली केंटकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी ओळीने चार चेंडूंवर चार बळी घेतले. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये हे करणारे ते पहिलेच. विजय हजारेंच्या गावातल्या वाचकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. दुकान मात्र कधी चालले नाही. कपबश्यांच्या शेजारी बॅटी आणि स्टंप ठेवून ते विकत, आणि घर बरेचसे क्रिकेटच्या मानधनावर चाले.

१८७४ साली बर्टीचा पाय मोडला आणि तो काही आठवडे पडून राहिला. वडिलांनी वाचनालयातून पुस्तके आणून दिली आणि मुलाला वाचनाचे वेड लागले. त्याच वयात त्याला आणखी एक नाद होता. गावाबाहेरच्या टेकडीवर एकटाच फिरताना तो मनातल्या मनात मोठी सैन्ये चालवायचा. इथून घोडदळ, तिथे तोफा, शत्रूची पळापळ. समोरून येणाऱ्या माणसांना दिसायचा एक किडकिडा मुलगा. म्हातारपणी आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे.

पुढे वडिलांनाही अपघात झाला, मांडीचे हाड मोडले आणि क्रिकेट संपले. आईने अपपार्क नावाच्या एका जमीनदाराच्या हवेलीत घर सांभाळण्याची नोकरी धरली आणि १८८० साली मुलाला कापडदुकानात उमेदवारीला पाठवले. विंडसरच्या पहिल्या दुकानात त्याला गल्ल्यावर बसवले. रोज संध्याकाळी रोकड जुळेना! पोरगा गल्ल्याखाली पुस्तक धरून वाचत असे. पैसे खाल्ले नव्हते, लक्ष नव्हते. पण त्याला काढून टाकले. आम्ही छत्तीस वर्षे बँकेत काढली, कॅश जुळली नाही की पोटात कसा गोळा येतो ते आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे दुकानदाराची बाजूही आम्हाला कळते. दुसरे दुकान साउथसीला. दिवसाचे तेरा तास काम आणि निजायला सगळ्या उमेदवारांची एकच खोली. दोन वर्षांनी एका रविवारी तो न खाता सतरा मैल चालत आईकडे गेला आणि आपण आता जीव देऊ असे तिला सांगून आला. आईने ऐकले. तिने त्याच्यासाठी भरलेली रक्कम त्यात बुडाली.

पुढचा भाग चढणीचा आहे, तो भरभर सांगतो. मिडहर्स्टच्या शाळेत शिकता शिकता शिकवणे, १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या विज्ञान विद्यालयात प्रवेश, तिथे थोर जीवशास्त्रज्ञ हक्सले गुरू. आठवड्याला एक गिनी एवढ्यावर पोट भरायचे, म्हणजे बहुतेक दिवस अर्धपोटी. मग शिक्षकी, फुटबॉल खेळताना मूत्रपिंडाला मार, लांबलेले आजारपण आणि १८९० साली पदवी. चुलतबहिणीशी केलेले लग्न टिकले नाही. १८९५ साली आपली विद्यार्थिनी एमी कॅथरीन हिच्याशी त्यांनी दुसरे लग्न केले. त्यांच्या आयुष्यात पुढेही इतर स्त्रिया आल्या. ते आम्हाला रुचले नाही, आणि इथे ते विस्ताराने सांगण्याचे कारणही नाही.

त्याच १८९५ साली ‘टाइम मशीन’ आले, १८९७ साली ‘इनव्हिजिबल मॅन’, १८९८ साली ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. काही वर्षांत कापडदुकानातला पोरगा समुद्रकाठी सँडगेटला स्वतःचे घर बांधून राहू लागला. १९०१ आणि १९०३ साली दोन मुलगे झाले, आणि घरातली एक खोली मुलांची झाली. म्हणजे मुलांची आणि बापाची.

त्या खोलीतल्या जमिनीवर फळ्या, लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची घरे आणि शिसाची माणसे यांतून बेटे उभी राहत, शहरे वसत, आगगाड्या धावत. १९११ साली वेल्स यांनी यावर ‘फ्लोअर गेम्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांची दुकानदारांबद्दल एक तक्रार आहे, ती वाचून आम्ही थबकलो. खेळण्यांच्या दुकानात शिपाई हवे तेवढे मिळतात, पण साधे नागरिक मिळत नाहीत, अशी ती तक्रार. शहर वसवायचे तर नुसत्या शिपायांचा उपयोग काय?

तरी शिपाई होतेच. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून आतून पोकळ असे शिसाचे सैनिक काढले होते. ते हलके आणि स्वस्त असल्यामुळे मध्यमवर्गीय घरातही पलटण उभी राहू शकत होती. शिवाय एक स्प्रिंगची तोफ मिळे. ती इंचभर लाकडी कांडी उडवायची, आणि नेम असा की नऊ यार्डांवरचा सैनिक पडलाच पाहिजे. एके दिवशी जेवणानंतर एका पाहुण्याने ही तोफ घेऊन सैनिक टिपायला सुरुवात केली. पाहुणे होते जेरोम के. जेरोम, विनोदी लेखक. यजमानांनी आव्हान घेतले, आणि दोघे प्रौढ गृहस्थ नेम धरू लागले.

नुसती नेमबाजी लवकरच कंटाळवाणी झाली असती. मग खुर्च्यांचे अडथळे आले, पुस्तकांच्या टेकड्या आल्या, आणि मित्रांबरोबर खेळता खेळता एकेक नियम बसत गेला. खोलीच्या मधोमध पडदा ओढायचा, दोघांनी आपापले सैन्य मांडायचे, मग पडदा बाजूला. पायदळ एका चालीत एक फूट सरकते, घोडदळ दोन फूट. मोजायला सुतळीचे तुकडे. तोफेच्या सहा इंचांच्या आत आपली चार माणसे असतील तरच तोफ डागता येते. हातघाई झाली तर बरोबरीने बरोबरी मरते, आणि एकाकी सापडलेली छोटी तुकडी कैद होते. चालीला वेळेची मर्यादा, नाहीतर वकिली वृत्तीचे गडी तासभर विचार करत बसतात. फासे नाहीत. नशिबाचा जो काही वाटा आहे तो तोफेच्या नेमातला.

प्रशियाच्या लष्करात नकाशावर लढाई खेळून अधिकाऱ्यांना शिकवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, आणि आपले चतुरंग तर त्याहून कितीतरी जुने. पण घरातल्या साध्या माणसाने, जमिनीवर, खेळण्यातले सैनिक घेऊन आणि छापील नियमांनी खेळावे अशी लढाई वेल्स यांनी दिली. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक आले. वय बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे असे मुखपृष्ठावरच सांगून त्यांनी म्हाताऱ्यांचीही सोय करून ठेवली.

या पुस्तकाचा शेवट मात्र विनोदी नाही. वेल्स तिथे म्हणतात की हा खेळ तीन-चार वेळा खेळून बघा, म्हणजे खरे युद्ध हा किती गबाळा आणि घोडचुकांचा कारभार असतो ते कळेल. इथे चूक झाली तर शिसाचा शिपाई आडवा होतो, कोणाचे घर जळत नाही. ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे अशा सगळ्या सेनापतींना आणि पुढाऱ्यांना एका मोठ्या खोलीत हा खेळ देऊन कोंडावे, म्हणजे बाकीचे जग सुखाने नांदेल, असे त्यांचे म्हणणे. सूनबाईंना आम्ही हे आधी सांगू शकलो असतो तर बरे झाले असते, असे वाटले. पण गोष्ट इथे थांबत नाही.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ब्रिटन महायुद्धात उतरले. वेल्स त्याला विरोध करतील असे वाटावे. त्यांनी उलट केले. हे युद्ध जर्मनीची लष्करशाही मोडेल आणि मग युद्धेच संपतील असे लेख त्यांनी लागलीच लिहिले. युद्ध संपवणारे युद्ध हा त्यांच्याच पुस्तकाच्या नावावरून पडलेला शब्दप्रयोग, जो पुढे जगभर उपहासाने वापरला गेला. १९१६ साली ते फ्रान्स आणि इटलीच्या आघाड्यांवर जाऊन आले. रणगाड्यासारख्या यंत्राची कल्पना त्यांनी १९०३ सालीच एका कथेत मांडली होती, ती आता खरी होऊन चिखलातून चालत होती. १९१८ साली त्यांनी काही काळ सरकारच्या प्रचारखात्यातही काम केले. जमिनीवर जे त्यांना दिसले होते ते खऱ्या रणांगणावर त्यांना चार वर्षे दिसले नाही, किंवा त्यांनी ते बघायचे टाळले. चांगल्या माणसाच्या खात्यातही अशी एखादी मोठी नोंद नावे पडते. ती खोडून हिशेब जुळवू नये.

त्यांनीही ती खोडली नाही. युद्धानंतर त्यांनी सगळ्या जगाचा एकच इतिहास लिहायला घेतला. मुलांना आपापल्या देशाच्या विजयांचा इतिहास शिकवला म्हणून ही वेळ आली, असे त्यांचे मत झाले होते. १९२०च्या या ‘आउटलाइन ऑफ हिस्टरी’त नेपोलियनला त्यांनी चांगलेच सुनावले आहे, आणि हजारो राजांच्या नावांत एकच नाव ताऱ्यासारखे तेजस्वी मानले आहे, ते आपल्या सम्राट अशोकाचे. कलिंग जिंकल्यावर, म्हणजे हरल्यावर नव्हे, ज्याने युद्ध सोडले तो राजा. पंडित नेहरूंनी तुरुंगातून मुलीला जगाच्या इतिहासाची पत्रे लिहिली तेव्हा हे पुस्तक त्यांच्या जवळ होते.

उरलेले आयुष्य सगळ्या जगाचे एक सरकार व्हावे, माणसाच्या हक्कांची सनद असावी यासाठी लिहिण्या-बोलण्यात गेले. १९२७ साली पत्नी गेली. १९३४ साली ते रूझवेल्ट आणि स्टालिन या दोघांना भेटून आले. त्याच वर्षी, स्वतःला मधुमेह असल्यामुळे, त्यांनी एका डॉक्टरांबरोबर मधुमेही लोकांची संस्था काढली, ती ब्रिटनमध्ये अजून चालू आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हा सगळ्यात जवळचा वेल्स वाटेल!

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना ते घर सोडून गेले नाहीत. अणुबाँब हा शब्द १९१४ साली एका कादंबरीत त्यांनीच वापरला होता. तीच कादंबरी १९३२ साली वाचलेल्या झिलार्ड या शास्त्रज्ञाला पुढच्या वर्षी अणुसाखळीची कल्पना सुचली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी आली तेव्हा वेल्स ७८ वर्षांचे आणि आजारी होते. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनच्या घरी त्यांचे निधन झाले. रक्षा समुद्रात सोडण्यात आली.

ते छोटे पुस्तक मात्र चालत राहिले. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली लेक जिनीव्हा गावात एक सभागृह घेऊन अशा लढाया खेळणाऱ्यांचा मेळावा भरवला. तो जेनकॉन आता इंडियानापोलिस शहरात भरतो. लंडनला सॅल्यूट नावाचा मेळावा १९७२ पासून आहे. आमच्या नातवाच्या डब्यातले सैनिक या वंशावळीतले.

नातू इथे असताना आम्ही दोघांनी हॉलमध्ये जुनी चादर पडदा म्हणून बांधून वेल्स यांच्या नियमांनी एक डाव खेळलो. तोफेऐवजी रबरबँड. आमचे गुडघे दुखत असल्याने आम्ही सोफ्यावरून हुकूम सोडत होतो. चाळीस मिनिटांत आमचे अर्धे पायदळ गारद झाले, आणि त्यातले निम्मे आमच्याच घाईने. सूनबाईंची मुलगी बघायला आली होती. तिने विचारले, यात गावातली माणसे कुठे आहेत? मग तिने शेवया बनवायच्या पाटावर पत्त्यांची घरे आणि बुद्धिबळातली प्यादी ठेवून एक गाव केले, आणि त्या गावात तोफ डागायची नाही असा नियमही केला.

यंदाच्या किल्ल्यांत मावळ्यांबरोबर बाजारपेठ, पाणवठा आणि शेतकरीही असावेत असे आम्ही कार्यकारिणीला सुचवले आहे. वेल्स यांचे नियम आम्ही मराठीत एका फुलस्केपवर उतरवून ठेवले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी रविवारी मंडळात आमच्याकडून मागून घ्यावेत. झेरॉक्सचे पैसे लागणार नाहीत.