एक्स्प्लेनर : पेरणीयंत्राचे माप आधी का घ्यायचे? सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका वकिलाने शोधलेले उत्तर

रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिनाभरात उरकावी लागते. कुंकवासाठी ओळखल्या जाणाऱ्या केम (ता. करमाळा) परिसरातील कोरडवाहू रानात पुढचे पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच निघते. बी दाट पडले तर रोपे ही ओल लवकर संपवतात आणि कणीस भरताना ताण पडतो. विरळ पडले तर रान मोकळे राहते. तिफणीच्या काळात हा हिशेब चाड्यावर मूठ धरणाऱ्या हातात होता. आता तो ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राकडे आला आहे. बी हाताऐवजी यंत्राने मोजून सोडावे, यासाठी आयुष्य घालवलेला माणूस म्हणजे इंग्लंडचे जेथ्रो टल.

कोण होते टल?

जन्म १६७४, बर्कशायरमधील बॅसिल्डन. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेतले, पण पदवी घेतली नाही. १६९९ मध्ये ते वकील झाले. मात्र प्रकृती साथ देईना, म्हणून घरच्या शेतीकडे वळले.

तिथे बी हाताने फोकून पेरत. किती पडले, किती खोल गेले, याचा मेळ नसे. टल यांनी चाऱ्याच्या पिकाचे महागडे बी तासात, विरळ आणि ठरावीक खोलीवर टाकायला सांगितले. मजुरांना ते पटले नाही. तेव्हा १७०१ च्या सुमारास त्यांनी यंत्रच बनवले.

यंत्र कसे चालायचे?

टल यांना संगीताची आवड होती. चर्चमधील ऑर्गन वाद्याच्या रचनेतून त्यांना युक्ती सुचली. पेटीखाली खाचा असलेला फिरता दांडा बसवला. प्रत्येक खाचेत ठरावीक बी मावायचे आणि ते खाली तासात पडायचे. बी किती सुटावे, हे स्प्रिंगच्या ताणाने कमी-जास्त करता यायचे. दांडा चाकाबरोबर फिरत असल्याने घोडा हळू चालला काय किंवा जोरात, अंतरागणिक बी तेवढेच पडे.

भारत आणि चीनमध्ये नळ्यांतून पेरणी त्याआधीपासून होती. १७९० च्या दशकात दक्षिण भारतातील तिफणीसारख्या अवजाराची माहिती कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने मायदेशी कळवली होती. मात्र आपल्याकडे बी मोजणारी मूठ माणसाची होती. टल यांनी ते काम चाकाला जोडले.

सगळे बरोबरच होते का?

नाही. १७३३ मध्ये आलेल्या ‘हॉर्स-होइंग हसबंडरी’ या ग्रंथात त्यांनी दोन ओळींतील कोळपणीवर भर दिला. तो आजही योग्य ठरतो. पण माती बारीक केली की खताची गरज नाही, हे त्यांचे मत चुकीचे निघाले. टीकाही बरीच झाली. २१ फेब्रुवारी १७४१ रोजी त्यांचे निधन झाले. पेरणीयंत्राचा मोठा प्रसार त्यानंतर, १९ व्या शतकात झाला.

तुमच्या यंत्राचे माप कसे घ्याल?

खाचांचा रोलर आजच्या यंत्रातही आहे, पण बियाण्याचा आकार बदलला की माप बदलते. म्हणून रानात जाण्याआधी हे करा:

• पेटीत बी भरा. यंत्राचे चाक जमिनीपासून उचला आणि प्रत्येक नळीला पिशवी बांधा.
• चाकाचा घेर मोजा. उदा. व्यास ५० सेंमी असेल तर घेर १.५७ मीटर.
• ५ फणांत ४५ सेंमी अंतर असेल तर पेरणीची रुंदी २.२५ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ३.५३ चौरस मीटर.
• चाक २० वेळा फिरवा. क्षेत्र झाले सुमारे ७१ चौरस मीटर.
• ज्वारीचे बी हेक्टरी १० किलो, म्हणजे चौरस मीटरला १ ग्रॅम. पिशव्यांत मिळून ७१ ग्रॅम, प्रत्येकीत साधारण १४ ग्रॅम बी हवे.

एकूण ९० ग्रॅम भरले तर हेक्टरी जवळपास १२.७ किलो पडणार. अशा वेळी बी सोडणारा खटका थोडा कमी करून पुन्हा मोजा. एकाच पिशवीत कमी बी आले तर ती नळी किंवा रोलर तपासा.

रानात चाक थोडे घसरते, त्यामुळे पहिल्या तासात माती उकरून बी एकदा पाहा. वाण किंवा पिशवीचा लॉट बदलला की माप नव्याने घ्या. यात अर्धा तास जाईल; दाट उगवलेले रान विरळायला त्याहून कितीतरी जास्त मजुरी जाते.