ब्राउन यांची नळी: भंगारातल्या टीव्हीमागचा माणूस

राहनाळच्या एखाद्या गोदामात मागे कुबड असलेला जुना टीव्ही दिसला, तर त्याच्या मानेभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते. या तांब्यासाठीच असे टीव्ही फोडले जातात. पण ही कॉइल तिथे का असते? उत्तर आहे कार्ल फर्डिनांड ब्राउन या माणसाकडे.

ब्राउन यांचा जन्म ६ जून १८५० चा, जर्मनीतल्या फुल्डा गावातला. १८७४ मध्ये त्यांना दिसलं, की काही सल्फाइड स्फटिकांना तार टेकवली की वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडते. हा डायोडचा पूर्वज. आज तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्येही डायोड असतो!

पुढे ते स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाले. एसी करंट इतक्या झपाट्याने दिशा बदलतो, की मीटरचा काटा त्याच्या मागे धावू शकत नाही. मग काटाच नको, असं त्यांनी ठरवलं. १८९७ मध्ये त्यांनी हवा काढलेल्या काचेच्या नळीत कॅथोड किरण सोडला आणि बाहेर कॉइल लावली. कॉइलमधला करंट बदलला की किरण वाकायचा आणि पडद्यावरचा चमकता ठिपका सरकायचा. या नळीचं त्यांनी पेटंट घेतलं नाही.

१९०९ मध्ये वायरलेसवरच्या कामासाठी मार्कोनींसोबत त्यांना नोबेल मिळालं. १९१४ च्या शेवटी वायरलेस पेटंटच्या खटल्यासाठी ते अमेरिकेला गेले. तिथे असतानाच अमेरिका महायुद्धात उतरली आणि परतीची वाट बंद झाली. २० एप्रिल १९१८ ला ब्रुकलिनमध्ये त्यांचं निधन झालं. टीव्ही त्यांनी पाहिलाच नाही. १९२६ मध्ये जपानच्या ताकायानागी यांनी ब्राउन यांच्या नळीवर एक अक्षर उमटवलं. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि ही नळी आपल्या घराघरात पोचली.

आता ती गोदामात आहे, पण आतली पोकळी तशीच आहे. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोचा भार टाकते. म्हणजे २१ इंची पडद्यावर एक टनाहून जास्त! काच तडकली की ती आधी आत कोसळते आणि मग तुकडे बाहेर उडतात. त्यामुळे नळी मानेला धरून उचलायची नाही. मान सगळ्यात नाजूक. गॉगल आणि हातमोजे घालायचे, पडदा छातीकडे धरायचा, आणि ठेवताना मऊ कापडावर पडदा खाली. रबरी टोपीखालच्या टोकाला हात लावू नका. टीव्ही बंद असला तरी तिथे जोराचा शॉक बसू शकतो. मागच्या काचेत शिसंही असतं. म्हणून तांब्यासाठी नळी फोडू नका, अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

ब्राउन यांनी ती कॉइल किरण वाकवायला लावली होती. तिच्या चार पैशांसाठी कुणाचा डोळा जायला नको.