केडगावचे जागरण : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेची वाटचाल

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ५ एप्रिल १९२२ रोजी पंडिता रमाबाईंची प्राणज्योत मालवली. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या ख्रिस्तश्रद्धेचा विषय निघाला की मात्र आपल्याकडे बहुधा मौन तरी पाळले जाते, नाहीतर वाद तरी घातला जातो. समाजसुधारक रमाबाई स्वीकारायच्या आणि प्रार्थना करणाऱ्या रमाबाई बाजूला ठेवायच्या, अशी ही सोयीची वाटणी आहे. स्वतः रमाबाईंना ती मान्य झाली नसती. आपल्या हातून जे घडले ते देवाच्या सामर्थ्याने घडले, अशी त्यांची धारणा होती. हे सामर्थ्य श्रद्धावंताच्या आयुष्यात नेमके काय घडवते, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने त्यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रूढ दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली, आणि लक्ष्मीबाईंनी ती मुलीला दिली. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करीत आणि पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० च्या दशकातील दुष्काळात मात्र व्रते, दाने, अनुष्ठाने सारे करूनही अन्न मिळेना. आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा ही दोघे उपाशीपोटी, पायी चालत उत्तरेकडे निघाली. देव आहे काय आणि असल्यास तो ऐकतो काय, हा प्रश्न त्या वाटेवरच त्यांच्या मनात रुजला.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु कीर्तीबरोबर स्थैर्य आले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्या तान्ह्या मुलीसह विधवा झाल्या. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची गरज मांडली.

१८८३ मध्ये त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले आणि त्या दृश्याने त्यांना धर्माकडे ओढले. तथापि डोळे मिटून मान डोलावणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि धर्मगुरूंच्या अधिकारावर त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. ज्या बुद्धीने त्यांनी ब्राह्मणी रूढींना जाब विचारला होता, तीच बुद्धी त्यांनी चर्चपुढेही उभी केली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी भारतीय विधवांची स्थिती जगापुढे मांडली. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या साह्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई या पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाली, तरी रमाबाईंच्या मनाला स्वास्थ्य नव्हते. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही, असे त्यांना जाणवू लागले. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. स्वतःच्याच प्रवचनाने ज्याचे अंतःकरण पालटले, असा हा पाद्री. विद्या, सत्कर्म आणि संस्था यांच्या बळावर आपण देवापुढे उभ्या राहू पाहत आहोत, हे रमाबाईंना उमगले. १८९१ च्या सुमारास त्यांनी तो आधार सोडला आणि केवळ कृपेवर भरवसा ठेवला. दैवी सामर्थ्याचा हा पहिला अनुभव शांत होता. त्यात चमत्कार नव्हता, एक ओझे उतरले एवढेच.

या आंतरिक बदलाची किंमत लगेच मोजावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत उघड्या दाराने प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे बसू लागल्या. १८९३ मध्ये वाद पेटला. केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची हरकत निराधार नव्हती, कारण पालकांच्या विश्वासाचा प्रश्न होता. रमाबाईंचीही बाजू होती : आपल्या घरात आपण लपून प्रार्थना का करावी? या पेचातून दोन्ही पक्षांना मान्य होईल असा मार्ग निघाला नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या तेथे गेल्या आणि दलालांच्या तावडीत सापडू शकणाऱ्या निराधार मुलींना घेऊन आल्या. सुमारे ३०० मुली आश्रयास आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर ठेवावे लागले, आणि झोपड्या व तंबूंतून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती जवळपास २००० वर गेली. शेती, गोठा, तेलाची घाणी, हातमाग, छापखाना, शाळा, अंध मुलींसाठी ब्रेल, वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, असा हा पसारा होता. ठरीव उत्पन्न नसताना एवढ्या तोंडांना रोज दोन वेळ घास घालणे ही श्रद्धेची कसोटी होती. रमाबाई ती प्रार्थनेने आणि काटेकोर हिशेबाने पार पाडीत. त्यांच्या लेखी या दोहोंत विरोध नव्हता.

१९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये आध्यात्मिक जागरणाची लाट उठली आणि तिचे पडसाद खासी टेकड्यांपर्यंत आले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तीत रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुरुवातीस सुमारे ७० जणी आल्या, जूनपर्यंत ती संख्या ५०० च्या वर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपले अंग पेटल्यासारखे वाटले. दुसरी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, पण पाहते तो ज्वाळा कोठेच नव्हती. ३० जून रोजी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना सभेतील मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले. कोणी रडून अपराध कबूल करी, कोणी आनंदाने गाई. पुढे काही जणी अपरिचित भाषांतही बोलू लागल्या.

या आरडाओरड्यावर काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी नाके मुरडली. भारतीय माणूस आपल्या रीतीने रडेल आणि हसेल, त्याला परदेशी शिष्टाचाराच्या पट्टीने मोजू नये, अशी भूमिका घेऊन रमाबाईंनी मुलींची पाठराखण केली. त्याच वेळी त्यांनी भावनेला मोकाट सोडले नाही. अपरिचित भाषेत बोलणे ही देणगी असू शकते, पण पवित्र आत्म्याच्या वास्तव्याची अटळ खूण प्रेम हीच, असे त्यांचे मत होते. स्वतः त्यांना त्या भाषांचा अनुभव आला नाही आणि त्याची खंतही त्यांनी बाळगली नाही. जागरण खरे की खोटे याची परीक्षा दुसऱ्या दिवशी होत असे. भांडणे मिटली का, चोरलेली वस्तू परत आली का, आजाऱ्याजवळ कोणी बसले का? मुलींच्या तुकड्या पाळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. कालपर्यंत ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या आता इतरांची विचारपूस करीत होत्या.

अमेरिकेतील अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध पेंटेकॉस्टल चळवळ एप्रिल १९०६ मध्ये सुरू झाली. केडगाव त्याआधीचे. मुक्तीतील सहकारी मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात त्यांच्या जुन्या सहाध्यायिनीच्या हाती पडली आणि १९०९ च्या तेथील जागरणाला तिने प्रेरणा दिली. जागतिक ख्रिस्ती इतिहासात दुष्काळातून वाचलेल्या मराठी मुलींना हे स्थान आहे.

शेवटची सुमारे दोन दशके रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. गोमंतकीय वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ चे क्रिस्तपुराण ठाऊक आहे. त्यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली. रमाबाईंपुढचा श्रोता वेगळा होता. नुकतीच अक्षरे शिकलेल्या खेडवळ बाईला कळेल असे वाक्य त्यांना हवे होते, म्हणून संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द जाणीवपूर्वक गाळले. १९१३ च्या सुमारास त्यांनी निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यातही शाळा काढली आणि मनोरमेने तिची धुरा वाहिली. त्याच राज्याच्या उत्तर टोकाला आदिलाबाद होते. मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येणारा हा मुलूख. १९५६ मध्ये किनवट आणि राजुरा हे त्यातील मराठी भाग वेगळे झाले, तरी आजही तेथे मराठी घरे आहेत. अशा सीमाभागात श्रद्धा कोणत्या भाषेत पोहोचते हा प्रश्न रोजच्या जगण्याचा असतो. देवाचे सामर्थ्य विद्वानाच्या भाषेत अडकू नये, ही रमाबाईंची धडपड तेथे चटकन समजते.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सारे सोपवायचे होते, तिलाच निरोप द्यावा लागला. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी : प्रार्थनेने यातले एकही मरण टळले नाही. रमाबाईंनी त्याचा हिशेब देवाकडे मागितला नाही, भाषांतराची उरलेली पाने तपासत राहिल्या. काम पुरे झाले आणि त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलेले ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दैवी सामर्थ्य म्हणजे संकट टळणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. रमाबाईंच्या आयुष्यात संकटे टळली नाहीत. भुकेने पोळलेली मुलगी हजारो भुकेल्यांची आई झाली, आणि वाद जिंकणारी विदुषी अडाणी मुलीशेजारी बसून तिला अक्षर गिरवायला शिकवू लागली. या बदलाचे श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. श्रद्धा नसणारा वाचक त्याला दुसरे नाव देईल, परंतु केडगावच्या त्या माळरानावर जे उभे राहिले, ते त्यालाही मान्य करावेच लागेल.