डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद : उपयोगी ज्ञानाचा वारसा

वाचकहो, अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी लाभ न देणाऱ्या ज्ञानापासून अल्लाहचे संरक्षण मागितले, हे आपण जाणताच. मग लाभ देणारे ज्ञान कसे असते? डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांच्या जीवनात याचे उत्तर सापडते.

त्यांचा जन्म १८९८ साली अलीगढ येथे झाला. तरुणपणी ते असहकाराच्या चळवळीत सामील झाले. १९२० साली स्थापन झालेल्या जामिया मिल्लिया इस्लामियात त्यांनी अध्यापन केले. पुढे जर्मनीस जाऊन बर्लिन विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रातील डॉक्टरेट संपादन केली. १९३५ साली त्यांनी मुंबईत केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज, म्हणजेच सिप्ला, ही संस्था स्थापन केली. त्या काळी अनेक आवश्यक औषधांसाठी आपला देश परदेशावर अवलंबून होता.

औषधनिर्मितीस रसायनशास्त्र कशासाठी लागते, हे आपल्या घरातही समजू शकते. खडवलीत भातसा नदीवर कपडे धुणाऱ्या भगिनींना ठाऊक आहे, की हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो. त्यावर लिंबू पिळा, डाग पुन्हा पिवळा होईल. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी, तर लिंबाचा रस आम्लधर्मी आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७ मानतात. आम्लाचा त्याहून कमी आणि आम्लारीचा अधिक असतो. आम्ल व आम्लारी योग्य प्रमाणात एकत्र आले, की दोघांचाही तीव्रपणा शमतो आणि क्षार तयार होतो. खाण्याचे मीठ हा असाच एक क्षार आहे.

आता हिवतापावरील क्विनीन पाहा. सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणारे हे द्रव्य आम्लारी आहे आणि पाण्यात फारच थोडे विरघळते. मात्र हायड्रोक्लोरिक आम्लाशी संयोग होऊन त्याचा क्षार बनला, की ते कितीतरी सहज विरघळते. जे विरघळत नाही, ते रक्तात पोहोचणे कठीण. द्रावणाचे प्रमाणही तितकेच महत्त्वाचे. १०० मिलिलिटर द्रावणात ५ ग्रॅम द्राव्य असेल, तर ते ५ टक्क्यांचे द्रावण होय. प्रमाण कमी पडले तर रोग हटत नाही, अधिक झाले तर तेच औषध विष ठरते. म्हणून औषध बनविणाऱ्याच्या हाती तराजू असतो आणि तराजूत कमी न देणे ही आपल्या धर्माची स्पष्ट ताकीद आहे.

१९३९ साली महात्मा गांधींनी सिप्लाला भेट दिली. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी औषधांची आवक आटली. अशा वेळी देशातच औषधे बनविणाऱ्या या संस्थेचे मोल लोकांना कळले. फाळणीनंतरही डॉ. हमीद याच भूमीत राहिले. १९७२ साली त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था आजही कार्यरत आहे.

पालकहो, खडवलीहून सकाळच्या लोकलने आपली मुले-मुली कल्याणला, मुंबईला विज्ञान शिकण्यास जातात. आम्ल, आम्लारी आणि क्षार हे त्यांना केवळ परीक्षेचे धडे वाटू देऊ नका. या शिक्षणाला निव्वळ दुनियेचे काम समजून कमी लेखू नका आणि केवळ पगाराने मोजूही नका. या ज्ञानातून एका आजारी माणसाची वेदना कमी झाली, तरी ते लाभदायक ज्ञान होय. अल्लाह आपल्या मुलांना असे ज्ञान आणि शुद्ध हेतू देवो. आमीन.