कामराजांची शाळेतली पंगत
के. कामराज यांचा जन्म १९०३चा, विरुधुनगरचा. वडील लवकर गेले, शाळा अर्ध्यावर सुटली आणि मामाच्या कापडदुकानात काम करावे लागले. १९५४मध्ये ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. नुसत्या शाळा उघडून भागत नाही, उपाशी मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांनी ओळखले. १९५६पासून सरकारी पैसा आणि लोकवर्गणी यांतून शाळांत दुपारचे जेवण सुरू झाले. वाढीच्या वयात पोषण कमी पडले, तर शरीराबरोबर शिकण्याची क्षमताही खुंटते. त्यामुळे गरीब राज्याने ताटावर केलेला हा खर्च उद्याच्या कमावत्या पिढीसाठी होता. कामराज १९७५मध्ये गेले. केंद्राने १९९५मध्ये देशव्यापी योजना आणली. आपल्या शाळांतली खिचडी त्याच पंगतीतली.