ओठ न मिटता रामायण

उद्यापासून आपण केकावली वाचायला घेतोय. त्याआधी आज मोरोपंतांविषयी थोडं.

मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म 1729, पन्हाळगडावर. तिथेच पाध्ये गुरूंकडे संस्कृत काव्य शिकले. तरुणपणी बारामतीला आले ते बाबूजी नाईकांच्या आश्रयाला. नाईक म्हणजे पेशव्यांच्या नात्यातले मोठे सावकार. पुढचं आयुष्य पंतांनी तिथेच, कऱ्हेकाठी काढलं. पुराण सांगायचं आणि लिहायचं. बाहेर पानिपत झालं, पेशवे बदलले, पंतांच्या आर्या चालूच. अख्खं महाभारत त्यांनी आर्यांत आणलं.

रामायण मात्र एकदा लिहून त्यांचं मन भरेना. त्यांच्या नावावर 108 रामायणं सांगतात, आणि प्रत्येकाचा साज वेगळा. एकात प्रत्येक पद्यात ‘परंतु’ हा शब्द येतो. एकात रामाचा तेरा अक्षरी मंत्र ओळींमध्ये गुंफलेला आहे. आणि एक आहे निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ लागेल असं एकही अक्षर त्यात नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म पूर्ण बंद.

आता जरा मोठ्याने ‘राम’ म्हणून बघा. शेवटी ओठ मिटले ना? म्हणजे रामायण सांगायचं, पण ‘राम’ म्हणायचं नाही! लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला. गंमत म्हणजे रावण राहतो. रामासाठी ‘राघव’सारखी नावं शोधायची, आणि क्रियापदंसुद्धा निवडून घ्यायची.

काहींना हा नुसता बुद्धीचा खेळ वाटतो. पंतांच्या कवितेत यमकासाठी ओढून आणलेले शब्द आहेत, काही आर्या तर अर्थ लावता लावता घाम काढतात, हे मीही म्हणेन. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांची बाजू हिरिरीने मांडली, तरी हा आक्षेप काही मिटला नाही. पण निरोष्ठ रामायण लिहिणाऱ्याची अवस्था बघा. जे नाव चुकूनही येऊ द्यायचं नाही, ते प्रत्येक ओळीला आठवावंच लागतं. माळ ओढताना आपलं मन ऑफिसच्या मेलकडे पळतं. पंतांना ती सोयच नव्हती. गणपतीत आपण रात्र रात्र जागून मखर सजवतो, तेव्हा देव त्या मखरात अजून बसलेलाही नसतो. पण हात त्याच्यासाठीच चाललेले असतात ना?

केकावली त्यांच्या उतारवयातली. पृथ्वी वृत्तातले 120 हून जास्त श्लोक. केका म्हणजे मोराची हाक. मोरोपंत स्वतःला मयूर म्हणवून घेत, म्हणून ही त्यांची स्वतःची हाक, आणि ती ज्याच्यासाठी तो मेघ म्हणजे भगवंत. अलंकार इथेही आहेत. एवढी वर्षं अंगात मुरलेलं ते कुठे जाणार? पण आता त्यांच्यामागून विनवणी ऐकू येते. पंत देवाशी भांडतात, जुन्या भक्तांचे दाखले देतात, मलाच का थांबवलंस म्हणून विचारतात. सत्संग मागणारा तो प्रसिद्ध श्लोक इथलाच, तुमच्यापैकी अनेकांना आजी-आजोबांकडून पाठ असेल.

1794 च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीत पंतांनी देह ठेवला. रामनवमी होऊन आठवडाही झाला नव्हता.

उद्या पहिली केका. वाचताना ओठ मिटले तरी चालतील.