मोफत उत्सवाची किंमत कुणी मोजली?

पौष वद्य पंचमीला तंजावरजवळच्या तिरुवैयारु या लहानशा गावात जत्रेसारखी गर्दी होते. कावेरीच्या काठावर मांडव पडतो. सकाळी संत त्यागराजांच्या घरापासून समाधीपर्यंत भजन म्हणत दिंडी निघते. त्यागराज दारोदार रामनाम गात, ओंजळीत पडेल त्या तांदळावर संसार चालवायचे. आपल्याकडची माधुकरीच म्हणा ना! त्याची आठवण म्हणून ही दिंडी. मग शेकडो गायक-वादक समाधीसमोर समोरासमोर ओळीनं बसतात आणि त्यागराजांच्या पाच मोठ्या रचना, म्हणजेच ‘पंचरत्न’, एका सुरात गातात. मोठमोठ्या मानधनाचे कलाकारही इथं एक पैसा घेत नाहीत. ऐकणाऱ्याला तिकीट नाही, पास नाही. या, बसा, ऐका!

पण मैत्रिणींनो, ‘मोफत’ हा शब्द मोठा फसवा असतो. कार्यक्रमाला तिकीट नसतं तेव्हा त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली असते. घरच्या कार्यात आयत्या पानावर बसणाऱ्याला चुलीपुढची बाई कुठं दिसते? तिरुवैयारुच्या या उत्सवाची किंमत ज्यांनी मोजली, त्यातलं सर्वात मोठं नाव एका बाईचं आहे. बंगळूरु नागरत्नम्मा. आणि गंमत बघा, ज्या समाधीचं देऊळ तिनं स्वतःच्या पैशानं बांधलं, त्याच्यासमोर गायची तिलाच मनाई होती!

नागरत्नम्मांचा जन्म 3 नोव्हेंबर 1878 चा, म्हैसूर संस्थानातल्या नंजनगूडजवळचा. आई पुट्टलक्ष्मी देवदासी होती. वडील वकील, पण त्यांनी मायलेकींची साथ लवकरच सोडली. आईनं म्हैसूर गाठलं. तिथं दरबारातले एक संस्कृत पंडित मुलीला शिकवू लागले. संस्कृत, कन्नड, तेलुगू, जोडीला गाणं. पोरगी हुशार, झटपट शिकणारी. पण पुढं पंडितांशी बिनसलं आणि आईला लेकीला घेऊन पुन्हा बाहेर पडावं लागलं. हातात पैसा नाही, पाठीशी कुणी नाही. तरी त्या माउलीनं एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे लेकीचं शिक्षण. अखेर बंगळूरुला मुनुस्वामप्पा हे गुरू लाभले. ते थेट त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतले. म्हणजे पुढं जिच्यासाठी सगळं आयुष्य वेचायचं, ती गायकी कोवळ्या वयातच तिच्या गळ्यात उतरली होती.

आई मात्र फार दिवस राहिली नाही. नागरत्नम्मा चौदा-पंधरा वर्षांच्या असतानाच ती गेली. पुढं त्या मद्रासला आल्या आणि गाण्याच्या जोरावर भरपूर नाव आणि पैसा मिळवला. मद्रासमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या पहिल्या काही स्त्री कलावंतांत त्यांची गणना होते. पण कमाईपेक्षा त्यांचा स्वभाव लक्षात राहण्यासारखा होता. एखादी गोष्ट पटली नाही की ती का पटली नाही, हे चारचौघांत मांडायला त्या कचरत नसत.

याचा पहिला मोठा प्रत्यय आला तो एका पुस्तकाच्या निमित्तानं. आणि इथं आपला, मराठी माणसांचा संबंध येतो. अठराव्या शतकात तंजावरला व्यंकोजीराजांच्या घराण्यातल्या प्रतापसिंह भोसल्यांचा दरबार होता. त्या दरबारात मुद्दुपलानी नावाची देवदासी कवयित्री होती. तिनं तेलुगूत ‘राधिका सांत्वनम्’ हे काव्य लिहिलं. राधेचा मत्सर, रुसवा, तिची ओढ आणि कृष्णानं तिची काढलेली समजूत, असा त्याचा विषय. पुढं एकोणिसाव्या शतकात ते छापलं गेलं, पण कात्री लावून. कवयित्रीनं आपल्या आजीची, आपल्या घराण्याची दिलेली ओळखसुद्धा गाळली गेली. तेलुगूतले मोठे समाजसुधारक वीरेशलिंगम पंतुलू यांनी तर बाईनं असलं लिहावं याबद्दल तिला फार कठोर शब्दांत धारेवर धरलं.

नागरत्नम्मांनी मूळ संहिता मिळवली आणि 1910 साली ती पूर्ण छापून घेतली. वर प्रस्तावनेत सरळ विचारलं, की पुरुष कवींनी शृंगार लिहिला तर ते काव्य आणि बाईनं लिहिला तर ती निर्लज्ज, हा कुठला न्याय? व्हायचं तेच झालं. पुस्तकावर अश्लीलतेचा ठपका आला, 1911 मध्ये प्रती जप्त झाल्या आणि बंदी बसली. ती उठायला स्वातंत्र्याचा उंबरठा उजाडावा लागला. एका बाईनं दुसऱ्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी दिलेली ही लढाई होती. बाईचं नाव पुसलं जातं म्हणजे काय होतं, हे नागरत्नम्मांना तेव्हाच पुरतं कळलं असणार.

आता तिरुवैयारुकडं वळू. त्यागराजांचं निधन 6 जानेवारी 1847 चं. तंजावरच्या राजदरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारलं, अशी कथा दक्षिणेत घरोघरी सांगतात. त्यामुळं मागं ना इस्टेट, ना वतन. होती ती फक्त शेकडो कृतींची संपत्ती. शिष्य पांगले. समाधीवर झाडंझुडपं वाढली. 1903 मध्ये उमयालपुरमच्या दोन वयोवृद्ध शिष्यबंधूंनी, कृष्ण आणि सुंदर भागवतरांनी, ती शोधून तिची डागडुजी केली. पाच-सहा वर्षांत तिथं पुण्यतिथीचा उत्सवही सुरू झाला.

पण उत्सव सुरू करणं सोपं, चालवणं कठीण. दोन-तीन वर्षं झाली नाहीत तोच तिल्लैस्थानमचे नरसिंह भागवतर आणि त्यांचे धाकटे बंधू पंजू भागवतर यांच्यात फाटलं. थोरल्याचा ‘मोठा पक्ष’, धाकट्याचा ‘छोटा पक्ष’. एकाच संताची पुण्यतिथी, पण वर्गणी वेगळी, मांडव वेगळा, जेवणावळी वेगळ्या. गणपती मंडळं फुटताना आपण पाहिलेली आहेत, तेव्हा हे काही नवीन वाटायला नको! दोन्ही पक्षांचं एकमत मात्र एका बाबतीत होतं. बायकांनी इथं गायचं नाही.

आणि या सगळ्या मानापमानात खुद्द समाधीकडं लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती. 1921 मध्ये म्हैसूरचे थोर गायक बिडारम कृष्णप्पा तिथं गेले. समाधीची पुन्हा झालेली दैना त्यांना पाहवली नाही. त्यांनी नागरत्नम्मांना पत्र लिहिलं. त्या निघाल्याच. तेव्हा त्यांचं वय त्रेचाळिसाच्या आसपास. मूलबाळ नाही, कमावलेला पैसा हाताशी. पुढच्या आयुष्याचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्या ओसाड जागेवर सापडलं.

त्यांनी जमीन मिळवली, जागा साफ करून घेतली आणि त्याच वर्षी बांधकामाला हात घातला. दागिने मोडले, मालमत्ता विकली. कमी पडेल तसं कार्यक्रम करून आणखी उभं केलं. 1926 च्या जानेवारीत देवळाचा कुंभाभिषेक झाला. नित्यपूजेची व्यवस्थाही त्यांनीच लावली. म्हणजे चार दिवसांचा उत्सव दोन्ही पक्षांचा, आणि वर्षाचे उरलेले दिवस दिवाबत्ती, झाडलोट, नैवेद्य, पुजारी हे सगळं या बाईचं! कुठल्याही उत्सवाचा खरा भार या उरलेल्या दिवसांवर असतो, हे घर चालवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

एवढं केल्यावर तरी समोर बसून गाऊ देतील? नाही दिलं. देऊळ बांधलं ते ठीक, पण देवदासी ती देवदासी आणि बाई ती बाई.

दुसरी कुणी असती तर रागावून देवळाला कुलूप घातलं असतं, नाहीतर नशिबाला बोल लावत घरी बसली असती. नागरत्नम्मांनी तिसराच मार्ग काढला. 1927 पासून त्यांनी ‘बायकांचा पक्ष’ उभा केला. दक्षिणेतल्या गायिका-वादिका, बहुतेक देवदासी घराण्यातल्या, त्यांच्या हाकेला धावून आल्या. पुढच्या बाजूला पुरुषांचा उत्सव चालायचा आणि देवळाच्या मागच्या अंगाला या बायकांचा. नागरत्नम्मा स्वतः हरिकथाही करीत. ही हरिकथा म्हणजे तंजावरच्या मराठी राज्यात रुजलेल्या आपल्या कीर्तनाचंच दाक्षिणात्य रूप. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे सगळं आपल्याकडून तिकडं गेलेलं.

हीच वर्षं आणखी एका वादळाची होती. 1927 मध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी मद्रासच्या विधिमंडळात देवदासी प्रथेविरुद्ध प्रश्न उचलला. कोवळ्या मुलींचं शोषण थांबावं, ही त्यांची तळमळ खरी होती. त्यांची स्वतःची आई देवदासी समाजातली. पण नागरत्नम्मांनी देवदासींची संघटना बांधून विरोध केला. प्रथेबरोबर आमची कला, आमचा जमीनजुमला आणि आमची इज्जत यांवरही नांगर फिरेल, ही त्यांची भीती होती. पुढं 1947 मध्ये कायदा झाला. एका मुलीची सुटका आणि दुसरीचा वारसा यांचं गणित तेव्हा जुळलं नाही. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा आज आरामात बसून करणं सोपं आहे, पण दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं.

तिकडं तिरुवैयारुत तीन पक्षांची रस्सीखेच वर्षानुवर्षं चालली. प्रकरण कोर्टापर्यंतही गेलं. बायकांचा पक्ष मात्र दरवर्षी न चुकता येत राहिला. शेवटी 1940 मध्ये आयसीएस अधिकारी एस. वाय. कृष्णस्वामी, गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर अशा मंडळींनी मध्यस्थी केली. तिन्ही पक्ष मिळून एकच सभा झाली आणि 1941 पासून उत्सव एकत्र होऊ लागला. बायकांना समाधीसमोर गाता येऊ लागलं. पंचरत्नं सगळ्यांनी मिळून गायची प्रथाही त्याच सुमारास पडली. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. पहिला मान कुणाचा, आधी कोण बसणार, हा भांडणाचा मुद्दाच सगळ्यांनी एकदम गायल्यावर संपला!

मोठं नाव, एका रात्रीत गोळा केलेली वर्गणी किंवा पाहुणे मंत्री यांच्यावर उत्सव एखाद-दुसरं वर्ष चालतो. तो शंभर वर्षं टिकायचा तर पायाखाली हक्काची जागा लागते, वर्षभर दिवा लावणारं कुणीतरी लागतं आणि ज्यांना बाहेर ठेवलंय त्यांना आत घ्यायची तयारी लागते. तिरुवैयारुला पहिल्या दोन गोष्टी नागरत्नम्मांनी दिल्या आणि तिसरी त्यांनी मिळवली.

उतारवयात त्या तिरुवैयारुलाच येऊन राहिल्या. 19 मे 1952 रोजी त्यांनी तिथंच देह ठेवला. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीजवळच आहे आणि त्यांची मूर्ती त्या देवळाकडं तोंड करून बसलेली आहे. आयुष्यातली बरीच वर्षं ज्यांना मागच्या अंगाला गावं लागलं, त्यांना अशी समोरची जागा मिळाली.

जाण्यापूर्वी त्यांनी आपली राहिलेली मिळकत विश्वस्तांच्या हाती सोपवली, ती एका अटीवर. या ठिकाणी सेवा करायला, गायला बायकांना, त्यातही देवदासींना, कधी कुणी अडवता कामा नये. देणगीची पावती किंवा संगमरवरी पाटी त्यांनी मागितली नाही. आपण देऊ केलेल्या पैशाच्या बदल्यात त्यांनी मागितला तो पुढच्या बायकांचा हक्क.

आपल्या गल्लीत, सोसायटीत, गावच्या जत्रेत असे कितीतरी मोफत कार्यक्रम होतात. दिवाळी पहाट असो, भजनी मंडळाचा सप्ताह असो, नाहीतर गणपतीतलं गाणं. पुढच्या खेपेला जाल तेव्हा कोण गातंय हे तर ऐकाच, पण सतरंजी कुणी घातली, चहा कुणी केला आणि कुणाला अजून मागच्याच अंगणात बसवलंय, तेही एकदा वळून बघा. मग त्या बाईला पुढं बोलवा. तिच्या हातात माइक द्या.